उस्सुरी नदीतलं बेट, १९६९ : सोव्हिएत फौज पूर्वेकडे का वळली?

कातळवाट

बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात एक सोव्हिएत टी-६२ रणगाडा उभा आहे. क्रमांक ५४५. तिथे जपानी किंवा अमेरिकी हत्यारं असणं समजू शकतं. पण हा रणगाडा पन्नासच्या दशकात चिनी लोक ज्याला 'मोठा भाऊ' म्हणत, त्या देशाचा आहे. मार्च १९६९ मध्ये तो सोव्हिएत-चीन सीमेवरच्या उस्सुरी नदीच्या बर्फावर निकामी झाला, बर्फ फुटून पाण्यात गेला आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या चिनी माणसांनी तो बाहेर काढला.

शीतयुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे बर्लिन आणि क्युबा एवढंच बोललं जातं. त्यामुळे युद्धानंतरच्या सोव्हिएत लष्कराचं चित्र कायम पश्चिमेकडे तोंड करून उभं असलेलं दिसतं. माझं मत वेगळं आहे. साठीच्या मध्यापासून पुढची वीस वर्षं ही फौज का फुगत गेली हे समजायचं असेल, तर चीनची सरहद्द बघावी लागते. आणि ज्याच्या भीतीने ती फुगली, त्याला बंदूक धरायला मॉस्कोनेच शिकवलं होतं.

आधी फौजेचा आकार बघा. १९४५ ला सोव्हिएत फौज १ कोटी १३ लाखांच्या घरात होती. १९४८ पर्यंत ती २८-२९ लाखांवर आली. कोरिया युद्धाच्या काळात पुन्हा वाढून १९५५ ला ५७ लाखांच्या पुढे गेली. मग सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने कात्री लावली. १९६० च्या सुरुवातीला आकडा ३६ लाखांवर होता आणि आणखी १२ लाख कमी करायची घोषणा त्याने केली. डिसेंबर १९५९ मध्ये क्षेपणास्त्रांचं स्वतंत्र दल उभं राहिलं होतं. अण्वस्त्रं आणि रॉकेटं हाताशी असताना एवढं पायदळ पोसायचं कशाला, हा त्याचा सरळ हिशोब. १९६१ च्या बर्लिन पेचामुळे ती कपात अर्धवट राहिली. पण पायदळ आणि रणगाड्यांचे दिवस पुन्हा खऱ्या अर्थाने आले ते पूर्वेकडे. साठीच्या मध्याला चीनच्या बाजूला साधारण पंधरा सोव्हिएत डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांची मोठी तुकडी) होत्या, सत्तरीच्या सुरुवातीला त्या चाळीसच्या वर गेल्या.

या वाढीचं सगळ्यांना माहीत असलेलं निमित्त म्हणजे दमान्स्की बेट. चिनी नाव झेनबाओ, म्हणजे दुर्मीळ रत्न. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. वस्ती नाही, पावसाळ्यात बराच भाग पाण्याखाली. १८६० च्या पेकिंग तहाने उस्सुरी ही सीमा ठरली, पण नदीत रेषा कुठून जाते यावर भांडण. रशियन नकाशात रेषा चिनी काठाला चिकटून होती. चीनचं म्हणणं, जगभर मुख्य प्रवाहाचा मध्य धरतात, तोच धरा. तसा धरला तर बेट चीनकडे जातं.

हिवाळ्यात नदी गोठली की चिनी लोक बर्फावरून बेटावर यायचे, सोव्हिएत सीमारक्षक त्यांना ढकलून मागे लावायचे. दोन-तीन हिवाळे हे धक्काबुक्की, लाठ्या आणि बंदुकीच्या दस्त्यांवर भागलं. गोळी चालवायची नाही असा हुकूम होता.

२ मार्च १९६९ ची सकाळ. आदल्या रात्री सुमारे ३०० चिनी सैनिक पांढरे झगे घालून बेटावर येऊन पडून राहिले होते. दिवस उजाडल्यावर आणखी एक तुकडी उघडपणे चालत आली. निझ्ने-मिखाइलोव्का चौकीचा प्रमुख इवान स्त्रेल्निकोव्ह नेहमीप्रमाणे थोडी माणसं घेऊन त्यांना अडवायला गेला. समोरची रांग बाजूला झाली आणि मागच्यांनी जवळून गोळ्या घातल्या. त्याच्याबरोबर कॅमेरा घेतलेला पेत्रोव्ह नावाचा शिपाई होता. त्याने टिपलेले शेवटचे फोटो उपलब्ध आहेत. त्यात चिनी सैनिक शांतपणे चालत येताना दिसतात. त्या दिवशी ३१ सोव्हिएत सीमारक्षक मेले. शेजारच्या चौकीवरून विताली बुबेनिन चिलखती गाडी घेऊन आला आणि चिनी तुकडीच्या बाजूने घुसला, म्हणून बाकीचे वाचले.

१५ मार्चला पुन्हा जुंपली. कर्नल लेओनोव्ह रणगाडे घेऊन बर्फावरून बेटाला वळसा घालायला निघाला आणि मारला गेला. तोच हा ५४५ क्रमांकाचा रणगाडा. मागे अख्खी डिव्हिजन उभी होती, पण नियमित सैन्य वापरायची परवानगी मॉस्कोहून दिवसभर आली नाही. हे वाचताना मला फार त्रास होतो. बर्फावर पोरं मरतायत आणि काही किलोमीटरवर तोफखाना हुकमाची वाट बघतोय. संध्याकाळी 'ग्राद' हे तोवर गुप्त ठेवलेलं रॉकेट प्रक्षेपक डागलं गेलं आणि पलीकडचा काठ भाजून निघाला. दोन्ही चकमकी धरून सोव्हिएत मृत ५८. चिनी मृतांचे दोन बाजूंनी सांगितलेले आकडे एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत, म्हणून ते देत नाही.

रानवारा

छान लिहिलंय. एक शंका. १९५० मध्ये तर मैत्रीचा करार झाला होता ना? मग एकोणीस वर्षांत एवढं कसं बिनसलं? केवळ एका बेटासाठी?

अबोली

रानवारा, बेट हे निमित्तच. मूळ खूप मागे आहे.

माओ डिसेंबर १९४९ मध्ये मॉस्कोला गेला आणि १४ फेब्रुवारी १९५० ला करार सही होईपर्यंत तिथेच राहिला. दोन महिने! स्टालिनने त्याला ताटकळत ठेवलं हे तो कधी विसरला नाही. कर्ज मिळालं ३० कोटी डॉलरचं. लगेच कोरिया युद्ध सुरू झालं. त्यात मिग-१५ ही सोव्हिएत लढाऊ विमानं उडवणारे बरेच वैमानिक सोव्हिएत होते, पण विमानांवर खुणा चिनी आणि कोरियन. रेडिओवर रशियन बोलायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. ऐन चकमकीत तो कोण पाळणार? त्या मिगचं इंजिनही मुळात ब्रिटिश. १९४६-४७ मध्ये ॲटलींच्या सरकारने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं मॉस्कोला विकली आणि त्यांच्यावरून सोव्हिएत इंजिन तयार झालं. त्याआधी व्लादिवोस्तोकला उतरलेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांवरून तुपोलेव्हने टीयू-४ बनवलं होतंच. म्हणजे युद्धानंतर पहिली काही वर्षं दुसऱ्याची वस्तू खोलायची, मापं घ्यायची आणि आपल्या कारखान्यात उतरवायची, हाच रस्ता होता. चीनने पुढे हीच विद्या मॉस्कोकडून उचलली.

पण कोरियात चिनी सैनिक मेले आणि वर हत्यारांचं कर्जही चीनलाच फेडावं लागलं. ते त्यांना लागलं.

पन्नासच्या दशकात सोव्हिएत मदतीने चीनमध्ये १५६ मोठे प्रकल्प घेतले गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये तर अणुबॉम्बचा नमुना देण्याचंही कबूल केलं. आर-२ क्षेपणास्त्रं पोचलीसुद्धा. मग १९५८ ला मॉस्कोने संयुक्त पाणबुडी ताफ्याची कल्पना मांडली. माओ भडकला. आपल्या किनाऱ्यावर परक्यांचा तळ नको म्हणून ज्याने आयुष्य घालवलं, त्याला हे सांगायचं? जून १९५९ मध्ये मॉस्कोने बॉम्बचा नमुना देणार नाही असं कळवलं. चीनने आपल्या पहिल्या बॉम्बचं सांकेतिक नावच '५९६' ठेवलं, म्हणजे ५९ सालचा सहावा महिना. जुलै १९६० ला सगळे सोव्हिएत तज्ज्ञ परत बोलावले गेले. हजारच्या वर माणसं काही आठवड्यांत निघाली आणि अर्धवट कारखाने तसेच राहिले.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनच्या लोप नूर या चाचणीच्या जागी तो बॉम्ब फुटला. दोनच दिवस आधी ख्रुश्चेव्हला पदावरून काढलं होतं.

रानवारा

धन्यवाद ताई. '५९६' चं माहीत नव्हतं.

शमी

लेख आवडला, पण त्यात चिनी बाजू कमी आली आहे असं वाटतं.

एक, जुने तह. १८५८ आणि १८६० च्या दोन तहांत रशियाने चीनकडून दहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश घेतला. चीन तेव्हा ब्रिटिश-फ्रेंच फौजांपुढे हतबल होता. व्लादिवोस्तोक शहर वसलंच त्या जमिनीवर. चिनी शाळेत हे तह 'अन्यायाचे तह' म्हणून शिकवतात. १९६४ च्या सीमावार्तांमध्ये चीन ती सगळी जमीन मागत नव्हता. तह अन्यायाचे होते एवढं मान्य करा आणि त्यांच्याच आधारे रेषा ठरवा, असं त्यांचं म्हणणं. पूर्व भागात जवळपास जमलंही होतं. त्याच उन्हाळ्यात माओने जपानी समाजवाद्यांशी बोलताना, या प्रदेशाचा हिशोब आम्ही अजून मांडलेला नाही, असं म्हटलं आणि मॉस्को हादरलं.

दोन, ऑगस्ट १९६८. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. साम्यवादी देशात काही 'बिघडलं' तर हस्तक्षेप करायचा आम्हाला हक्क आहे, असं मॉस्को सांगू लागलं. बीजिंगमध्ये बसून हे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? प्रागनंतर आपला नंबर. २ मार्चचा सापळा चीनने रचला हे मलाही मान्य आहे. पण तो घाबरलेल्या माणसाने आधी हात उगारावा तसा होता.

कातळवाट

शमी, प्रागचा मुद्दा राहूनच गेला होता, बरं झालं तुम्ही आणलात. घाबरून आधी हात उगारला हेही पटतं. फक्त एक भर घालतो. २ मार्चपर्यंत सोव्हिएत बाजूचीही तयारी बरीच पुढे गेली होती. जानेवारी १९६६ मध्ये मंगोलियाशी २० वर्षांचा करार झाला आणि सोव्हिएत सैन्य तिथे जाऊन बसलं. मंगोलियाच्या दक्षिण सीमेवरून बीजिंग किती जवळ आहे ते नकाशावर बघा. वाटेत वाळवंट आणि गवताळ मैदान, म्हणजे रणगाड्यांना मोकळं रान. १९४५ च्या ऑगस्टमध्ये याच बाजूने सोव्हिएत फौजा जपान्यांवर मांचुरियात तुटून पडल्या होत्या आणि काही दिवसांत क्वांतुंग सैन्याची दैना झाली होती. चिनी सेनापतींना ती मोहीम चांगली आठवत होती.

तिसरा_मजला

१९६९ ला रशिया चीनवर अणुबॉम्ब टाकणारच होता आणि अमेरिकेने थांबवला, असा एक मेसेज फिरत असतो. खरं आहे का?

कातळवाट

नोंदीत जेवढं आहे तेवढंच सांगतो. १८ ऑगस्ट १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये बोरिस दाविदोव्ह या सोव्हिएत मुत्सद्द्याने परराष्ट्र खात्यातल्या एका अमेरिकी अधिकाऱ्याला जेवताना विचारलं, आम्ही चीनच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला तर तुम्ही काय कराल? त्याच्या पाचच दिवस आधी, १३ ऑगस्टला, कझाकस्तानच्या सीमेवर झालानाश्कोलजवळ दुसरी चकमक झाली होती. म्हणजे धमकी होती आणि ती ऐकू जावी अशा बेताने दिली होती. पण त्यावरून 'टाकणारच होता' म्हणणं मला पटत नाही. असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारतात तो बहुतेक समोरच्याच्या कानावर पडून पुढे जावा म्हणूनच.

चीनने मात्र ती धमकी खरी मानली. बीजिंगखाली बोगदे खणले गेले, कारखाने डोंगराळ भागात हलवण्याच्या कामाने आणखी जोर धरला. चीनचा संरक्षणमंत्री लिन बियाओने ऑक्टोबरमध्ये फौजेला सज्जतेचा आदेश दिला.

त्या वर्षातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. मार्चच्या चकमकीनंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनने बीजिंगला थेट फोन लावला. चिनी टेलिफोन ऑपरेटरने त्याला 'सुधारणावादी', म्हणजे खऱ्या साम्यवादापासून ढळलेला, म्हणून झिडकारलं आणि फोन जोडूनच दिला नाही. दोन अण्वस्त्रधारी देश, आणि मधे एक ऑपरेटर. अखेर ११ सप्टेंबरला हो ची मिन्हच्या अंत्यविधीहून परतताना कोसिगिन वाट वाकडी करून बीजिंगला उतरला. विमानतळावरच चिनी पंतप्रधान चौ एन-लाय भेटला. काही तास बोलणं झालं आणि ताण सैलावला.

सांधेबदल

माझा विषय रेल्वे, तेव्हा तेवढ्यापुरतं लिहितो.

ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचा पूर्व टप्पा बराच अंतर चिनी सीमेला समांतर जातो, काही ठिकाणी तर अगदी हाकेच्या अंतरावर. पूर्वेकडच्या चाळीस डिव्हिजनचं धान्य, तेल, दारूगोळा या एका लोहमार्गावर. खाबारोव्स्कचा अमूर नदीवरचा पूल उडाला तर पॅसिफिकचा किनारा आणि तिथलं आरमार एकटं पडणार. म्हणून १९७४ ला बैकाल-अमूर मार्गाचं काम पुन्हा धडाक्याने हाती घेतलं. तायशेत ते सोवेत्स्काया गावान, सुमारे ४,३०० किमी, जुन्या मार्गाच्या कित्येकशे किलोमीटर उत्तरेला. वर्तमानपत्रांत तरुण स्वयंसेवकांच्या गाण्यांचं कौतुक व्हायचं, पण पूर्वेकडचा भाग लष्कराच्या रेल्वे तुकड्यांनी बांधला. गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की रूळ खचायचे. १९८४ ला रूळ जोडले गेले, पण सेवेरोमुइस्कचा १५ किमीचा बोगदा नव्या शतकात कुठे वापरात आला. तोवर ज्याच्या धास्तीने तो खणला तो शेजारी मोठं गिऱ्हाईक झाला होता.

आणखी एक. सीमेवर जुन्या जड रणगाड्यांचे बुरूज काढून ते जमिनीत काँक्रीटवर बसवले होते, तोफा चीनकडे रोखून. १९६९ मध्येच अल्मा-आताला नवीन मध्य आशियाई लष्करी विभाग उघडला. एवढं सगळं एका आघाडीसाठी, आणि दुसऱ्या टोकाला युरोपमधली आघाडी तशीच. दोन्हीकडे जेवण वाढायचं तर घरातलं भांडं रिकामं होणारच.

ओझरची_लेक

मी सहसा फक्त वाचते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या मिग कारखान्यात होते. रेखाचित्रांवरचं वाचता यावं म्हणून ते रशियन अक्षरं शिकले होते. आमच्या वह्यांना कव्हर घातलं की त्यावर आमची नावं रशियन लिपीत लिहून द्यायचे.

मिग-२१ आपल्याला मिळालं ते याच भांडणाच्या काळात. सप्टेंबर १९५९ मध्ये भारत-चीन सीमेवर गोळीबार झाल्यावर मॉस्कोने चीनची बाजू न घेता तटस्थ निवेदन काढलं. साम्यवादी देशाने साम्यवादी देशाची बाजू घेतली नाही, याचा बीजिंगला प्रचंड राग आला. १९६२ मध्ये मिग-२१ इथे बनवायचं ठरलं. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की त्याच सुमारास हेच विमान बनवण्याचा परवाना चीनलाही दिला होता. संबंध बिघडत गेले, त्यामुळे त्यांना कागदपत्रं अपुरी मिळाली. त्यांच्या अभियंत्यांनी उरलेलं स्वतः सोडवलं आणि जानेवारी १९६६ मध्ये त्यांचं जे-७ उडालं. आमच्याकडे कागद पूर्ण आले, शिकवायला माणसंही आली. बाबा आणि चीनमधल्या शेनयांगच्या कारखान्यातला कुणी तरी, दोघं एकाच विमानाच्या चित्रावर डोकं खुपसून बसले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला. बाबा तो बघायला हवे होते.

अबोली

ओझरची_लेक, फार सुंदर. बाबांच्या आणखी आठवणी लिहा, स्वतंत्र धागा काढा.

शमी

खरंच लिहा.

आणि हा धागा १९७१ पर्यंत नेला पाहिजे. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी अध्यक्ष निक्सनचा सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला गेला. उस्सुरीवरच्या रक्ताशिवाय चीनने अमेरिकेला दार उघडलं असतं का? ते कळताच दिल्लीने ९ ऑगस्टला मॉस्कोशी करार केला. त्याच्या नवव्या कलमात हल्ला किंवा हल्ल्याचा धोका झाला तर दोघांनी लगेच सल्लामसलत करायची असं आहे. डिसेंबरमधल्या बांगलादेश युद्धात चीन हलला नाही. त्यात हिमालयातल्या बर्फाचा वाटा होता, लिन बियाओ प्रकरणाने (सप्टेंबरमध्ये तो देशातून पळून जाताना विमान कोसळून मेला) चिनी सेनेत माजलेल्या गोंधळाचा होता आणि उत्तरेला उभ्या सोव्हिएत डिव्हिजनचाही होता. फक्त करारामुळे झालं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण त्या डिव्हिजन नसत्या तर मानेकशा यांना उत्तर सीमेवरून एवढं सैन्य पूर्वेकडे वळवता आलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

रानवारा

बेटाचं शेवटी काय झालं? आणि दमान्स्की हे नाव कुणाचं?

कातळवाट

२८ जुलै १९८६ ला गोर्बाचेव्हने व्लादिवोस्तोकच्या भाषणात मान्य केलं की सीमा मुख्य प्रवाहातून जावी. म्हणजे चीन १९६४ ला जे म्हणत होता तेच. मे १९८९ मध्ये तो बीजिंगला गेला, मे १९९१ मध्ये सीमाकरार झाला आणि बेट चीनचं झालं. सोव्हिएत संघ त्यानंतर सात महिने टिकला. १९९२ मध्ये मंगोलियातून शेवटचे सैनिक परतले आणि त्याच वर्षी चीनला पहिली सुखोई-२७ पोचली.

नावाबद्दल : स्तानिस्लाव्ह दमान्स्की हा रेल्वेचा तरुण अभियंता. सांधेबदल यांच्या त्या ट्रान्स-सायबेरियनसाठी मोजणी करायला आला होता. १८८८ मध्ये त्याची होडी उलटली, तो बुडाला आणि ज्या बेटाजवळ हे घडलं त्याला त्याचं नाव दिलं गेलं. नदीकाठच्या त्या भागातल्या गावांची नावं बरीचशी चिनी वळणाची होती. १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने ती घाऊक बदलली. बेटाजवळच्या इमान शहराचं दाल्नेरेचेन्स्क केलं, सुचानचं पार्तिझान्स्क. दमान्स्की नाव रशियन असल्यामुळे तेवढं राहिलं. आता चिनी नकाशात तेही नाही. स्त्रेल्निकोव्ह आणि त्याच्या सोबत्यांचं स्मारक दाल्नेरेचेन्स्कला आहे.